मासोळीला दिलेलं आमंत्रण

मेलचोर जेवायला बसला की कुंपणापलीकडून जाणाऱ्या प्रत्येकाला "या जेवायला!" म्हणायचा. फिलिपिन्समधल्या नुएवा एसिहा प्रांतातल्या त्या गावात तशी रीतच होती, आणि "आत्ताच झालं" म्हणून पुढे जायचं हीही रीतच. बायको जाऊन सहा वर्षं झाली. तेवढ्या काळात एकही माणूस आत आला नव्हता. म्हातारा बिचारा हौदातल्या तिलापिया माशांशी बोलत जेवायचा.

त्या दुपारी शेजारची विधवा पुरिंग चालली होती. "या जेवायला, आते!" तिकडच्या बोलीत आते म्हणजे ताई.

"झालं माझं, कुया," तिनेही त्याला दादा म्हणत उत्तर दिलं.

मेलचोरने मान डोलावली आणि हौदाकडे वळला. थोरली मादी तोंड घट्ट मिटून होती. तोंडात अंडी धरली की पिल्लं सुटेपर्यंत ती अन्नाला शिवत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी तिला अहोजाहो करत तो कळवळून म्हणाला, "असं काय करता? दोन घास तरी घ्या ना माझ्यासोबत!"

"एवढं म्हणताय तर बसते," म्हणत पुरिंग फाटक ढकलून आत आली.

मेलचोरची गाळण उडाली. ताटात नुसता मीठभात! त्याने हातजाळं उचललं. पहिली मासोळी काढली, तिच्या तोंडात अंडी. दुसरीच्याही. तिसरीने तर बादलीत पिल्लंच सोडली.

"कुया, मासे धरताय की बाळंतपणं करताय?"

"थांबा हो, एक नर आहे!" नर भलता चपळ. त्याच्यामागे लागता लागता मेलचोर शेवाळावरून घसरला आणि छातीएवढ्या पाण्यात जाऊन बसला.

"राहू द्या त्याला," पुरिंग म्हणाली. "एकुलता एक तळलात तर या बायकांनी काय करायचं? एकटं राहणं सोपं असतं का?"

ती घरी जाऊन भाजलेली वांगी आणि खारवलेल्या माशांची चटणी घेऊन आली. दोघं जेवायला बसली. मेलचोरला मात्र घास गोड लागेना.

"आते, खरं सांगू? मघाशी ते मी..."

"मासोळीला म्हणालात. रोज ऐकते मी." पुरिंग ताटाकडे बघत होती. "मला सहा वर्षं दर वेळी एकदाच विचारत आलात. एकदा विचारणं ही रीत झाली, कुया. दुसऱ्यांदा विचारलं तर माणूस येतं. शेवटी म्हटलं, मासोळीचं आमंत्रण तर आमंत्रण."

 मेलचोरने भाताचा डाव उचलला. "घेता थोडा?"

"नको, पोट भरलं."

त्याने डाव खाली ठेवला. पुन्हा उचलला.

"घ्या हो."

पुरिंगने ताट पुढे केलं.