अप्पांचा संशय

महालिंगअप्पांना साबणाच्या वडीला शिव्या घालताना मी स्वतः ऐकलंय. वडी हातात धरून, डोळे वटारून. "तूच हायेस ती. लई दिवस गोड वास मारून गप बसलीस." मग वडी उकिरड्यावर गेली आणि पुढं चार महिने त्या घरात हरभऱ्याच्या पिठानं आंघोळी झाल्या.

जळकोट फाट्यापासून आत आमचं गाव. तिथल्या दूध सोसायटीचा मी सेक्रेटरी आणि अप्पा दूध तपासणारे. खुर्ची माझी, दरारा त्यांचा. लॅक्टोमीटर दुधात सोडायच्या आधी ते माणसाच्या डोळ्यांत बघायचे. "दूध आपसूक पातळ होत न्हाय. कुणीतरी पाणी घातलंय. कोण ते सांग." सरपंचाचीसुद्धा घागर त्यांनी दोनदा परत लावली. सरपंच त्यांना काही बोलला नाही, मला बोलला.

त्यांच्या बायकोचं, गौराक्काचं, दुखणं सुरू झालं आणि हा तपास घरात शिरला. गार पाण्यात हात घातला की तिची बोटं पांढरी पडायची, मग निळी. पुढं कातडी ताठरत गेली, मूठ वळेना, म्हैस पिळता येईना. सोलापूरच्या डॉक्टरनं रोगाचं लांबलचक नाव सांगितलं. ते मला धरता आलं नाही. लाखात एखाद्याला होतो म्हणे. "शरीर स्वतःवरच उलटतं. कारण नक्की सांगता येत नाही."

अप्पा खुर्चीवरून उठलेच. "घरातलाच माणूस घरावर उलटला तर त्याचे कान कुणीतरी भरलेले असत्यात. कोण ते सांगा."

डॉक्टर काय सांगणार? मग अप्पांनीच शोध धरला. आधी साबण. मग युरिया, त्यापायी खताच्या गोदामात जाऊन पोत्यांना लाथा घातल्या. मग प्लास्टिकच्या बांगड्या. भर बाजारात कासाराची गचांडी धरली. हातपंपाचं पाणी बंद केलं आणि स्वतः लांबच्या विहिरीवरून डोक्यावर घागर आणायला लागले. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. दुष्काळात रेशनला आलेली अमेरिकेची लाल ज्वारीही त्यांनी धरली. "अप्पा, ती अख्ख्या गावानं खाल्ली," मी म्हणालो. "आम्हाला कुठं काय झालं?"

"तुमचं अजून बाहेर पडायचंय," अप्पा म्हणाले.

माझंही डोकं फिरायचं. खोटं कशाला बोलू? रोज कुणाशी तरी वाजायचं आणि निस्तरायचं मी.

पुढच्या खेपेला मी त्यांच्याबरोबर सोलापूरला गेलो. गौराक्का रक्त द्यायला आत गेली होती. या वेळी नवा, तरुण डॉक्टर होता. त्यानं विचारलं, "बाईंनी कधी दगडाच्या धुळीत काम केलंय? खाण, खडी, असं काही?"

जगाला प्रश्न विचारणारे अप्पा वर पंख्याकडं बघत राहिले. "न्हाय."

"काही जणांत त्या धुळीनं सुरुवात होते असं दिसतं. नक्की नाही," डॉक्टर म्हणाला आणि लिहायला लागला.

मला मात्र ठाऊक होतं. बहात्तरच्या दुष्काळात सगळं गाव रस्त्याच्या कामावर होतं. गौराक्काची कंबर धरली होती, मातीच्या पाट्या उचलवत नव्हत्या. अप्पा तीन दिवस मुकादमाशी भांडले आणि तिला बसून करायचं काम मिळवून दिलं. खडी फोडायचं. काम संपेपर्यंत ती त्याच ढिगापाशी बसली. संध्याकाळी भुवयासुद्धा पांढऱ्या व्हायच्या. "नवरा असावा तर असा," म्हणून माझ्या बायकोनं तेव्हा मला ऐकवलं होतं.

परतीच्या एसटीत गौराक्का खिडकीला डोकं टेकून झोपली. अप्पा हळू आवाजात म्हणाले, "भांडून घेतलं होतं ते काम म्या."

"डॉक्टर नक्की नाही म्हणाला, अप्पा."

"लॅक्टोमीटर बी नक्की सांगत न्हाय. तरी म्या घागर परत लावतोच की." थोड्या वेळानं म्हणाले, "तिला कळू देऊ नका."

मला भयंकर राग आला. तोंडाला बांधायला एक फडकं न देणाऱ्या मुकादमाचा आला, त्या रस्त्याचा आला. त्याच रस्त्यानं एसटी आम्हाला गावात घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी अप्पा सोसायटीत आले नाहीत, म्हणून मी घरी गेलो. ते गोठ्यात म्हैस पिळत होते. गौराक्का ओट्यावर चहाचा पेला दोन्ही तळव्यांत धरून ऊब घेत बसली होती. तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं.

"भाऊजी, ह्यांना नवं कायतरी सुचवा. साबण झाला, पंप झाला. बांगड्यांचं तर म्याच डोक्यात घातलं होतं. आता काय उरलं न्हाय तर माझ्यासारखंच हे बी खडीवर येत्याल. मग ह्यांचं कसं व्हायचं?"

मी गोठ्याकडं तोंड करून मोठ्यानं म्हणालो, "अप्पा, मला त्या चहाच्या पावडरीचा संशय येतोय."

आतली दुधाची धार थांबली. मग अप्पा ओरडले, "म्या म्हणतच होतो. कुठल्या दुकानातली?"

ते तरातरा बाहेर आले. गौराक्काच्या हातातला पेला घेऊन चहा अंगणात ओतला. मग शेजारी बसले, तिचे हात गार पडू नयेत म्हणून आपल्या दोन्ही हातांत धरले आणि दुकानदाराला शिव्या द्यायला लागले.