गरज या शब्दाची आणि पत्त्यांच्या नाव-फिरवणीची बखर

श्री. तारेतून आणि आकाशातून घरोघरी निरोप नेणाऱ्या आदिमायेस दंडवत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, आषाढमासी जाळ्याच्या राज्यात जो अनर्थ जाहला तो ऐकोन कानांस खरा वाटेना, सबब लिहून ठेविला.

वर्तमान ऐसे जे, इंटरनेटच्या मुलुखात घरोघर आकड्यांचा पत्ता लागतो, पत्ता नाही तर घर असून नसल्यासारखे, आणि जुने पत्ते मोजकेच निर्मिले होते ते केव्हाच वाटून संपले. द्वारकाबाईसाहेबांचे संस्थानात घरोघर तारा ओढून इंटरनेट देण्याचा कारभार, आणि घाटावरचे नव्या पेठेत एका पत्त्यावर चाळीस घरे दाटीने नांदत, आणि मग एका मेल्याने वात्रटपणा केला की पत्ता बंद होई आणि चाळिसांची दारे एकदम लागत. त्यात दवाखानाही आला. बाळंतीण अडली आणि शहरच्या डॉक्टरीणबाई पडद्यावरून ऐन वेळी नाहीशा झाल्या. बाई वाचली, ती देवाची करणी. बाईसाहेबांनी तेव्हाच नवे पत्ते शोधू घातले. मग शेजारचे संस्थानिक हैबतराव, ज्यांचे पत्ते नुसते निजून होते, ते बोलिले, "वहिनीसाहेब, खुशाल न्या. परंतु दुसरेही मागणारे दारात बसले आहेत, अमावास्येपर्यंत थांबतो." मात्र नियम ऐसा की, पत्ते आपसांत देऊ घेऊ नयेत, पत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या दफ्तरापुढे यावे, घेणाराने गरज सांगावी, ती पटली तरच पत्त्यावरचे नाव फिरेल. मग पुत्र रायाजीराव यांस शालजोडी देऊन दफ्तरी रवाना केले.

दफ्तरदार भिकाजीपंत यांणी पुसले, "संस्थानात कशाची कमतरता?" आणि रायाजीराव, ज्यांस बाळपणापासून शिकविले की परक्याचे ओसरीवर उपाशी असता ढेकर द्यावा, ते ताठ बसोन बोलिले, "देवीकृपेने सर्व भरभरून आहे. कशाची ददात नाही." भिकाजीपंत बोलिले, "वा, आनंद आहे," आणि शिक्का मारिला: गरज नाही, सबब नामंजूर.

अगबाई, काय सांगावे! रायाजीराव छाती काढोन परतले आणि म्हणाले, "आईसाहेब, घराण्याची शान राखिली."

"शान राखिलीस आणि पेठ बुडविलीस, शहाण्या! गरज एवढा शब्द जिभेवर येईना?"

"लहानपणी मी शेजारी वाटीभर साखर मागितली म्हणोन आपणच कानफटीत ठेवून दिली होती."

बाईसाहेबांनी स्वतः जाण्याचे ठरविले. मग अमावास्येचे सकाळी खाशा बाईसाहेब दफ्तरी गेल्या, आणि भिकाजीपंत उठोन म्हणाले, "या मावशी, चहा सांगू?"

"चहा राहू दे. नाव तुझे भिकाजी आणि भीक आमच्याकडून मागवतोस! लिही. एका पत्त्यावर चाळीस घरे आहेत, बाळंतीण मरता मरता वाचली आहे, आम्हांस गरज आहे. फार आहे."

लेखणी थबकली, शिपायाचे हातची बशी सुटली, आणि मग शिक्का पडला, हैबतरावांचे नाव उतरले आणि बाईसाहेबांचे चढले.

सारांश, पत्ते आले, दवाखान्यास स्वतःचा पत्ता जाहला, पुढील बाळंतीण डॉक्टरीणबाईंचे देखत मोकळी जाहली. त्या घराण्याचे तोंडून गरज हा शब्द निघाला आणि आभाळ कोसळले नाही, याचा धक्का बाईसाहेबांस अद्याप आहे.