सूनबाईचा ग्लास

पंचवीस वर्षांत माझा एकही नियम मोडलेला नव्हता. हे मी गर्वाने सांगत नाही. गर्व करायचा नाही हाही माझा एक नियम आहे. दुपारी बारापर्यंत मौन आणि हातात आलेलं टाकायचं नाही, हे त्यातले दोन मुख्य. मौनात मी लिहूनही सांगत नाही. लिहून बोलणं म्हणजे मागच्या दाराने बोलणं!

सूनबाईला सहावा महिना. तिच्या आईला मधुमेह, म्हणून डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "गरोदरपणातली साखर बाहेरून कळत नाही, पण बाळाला त्रास देते. ही तपासणी चुकायला नको."

"मी बरोबर असताना काय चुकणार?" मी आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवलं.

चुकलं ते सकाळी नऊ चाळीसला.

दवाखान्यात तपासणीवाल्या बाईंनी सूनबाईला ग्लुकोजच्या पाण्याचा भला मोठा ग्लास दिला. "पाच मिनिटांत संपवा. दोन तासांनी बोटातून थेंबभर रक्त घेऊ." आणि त्या आत गेल्या.

सूनबाईने नाक दाबलं, डोळे गच्च मिटले आणि तीन घोट घेतले. तिला वाटलं, समुद्र प्यायले! "आई, धरा!" म्हणत ती तोंडावर हात ठेवून बेसिनकडे धावली. मी धरला. तेवढ्यात झाडूवाल्या बाई आल्या. "उरलंय? द्या, ओतून टाकते."

ओतून? माझ्या हातातलं?

मी प्यायले.

रिकामा ग्लास पाहून तपासणीवाल्या बाईंनी वेळ लिहून टाकली. सूनबाई परतली. "संपवलंत? शाब्बास!" त्या तिला म्हणाल्या.

"संपलं?" ती खूश. "म्हणजे थोडंच राहिलं होतं! उगीच घाबरले मी."

मी ग्लासाकडे बोट केलं, मग तोंडाकडे, मग छातीकडे.

"मावशींना तहान लागली वाटतं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तांब्याभर पाणी आणून दिलं. हातात आलेलं. तेही संपवलं.

मग मी सूनबाईच्या पोटाकडे बोट केलं, जोरजोरात मान हलवली आणि स्वतःच्या पोटावर थोपटलं.

बाकावरची एक बाई शेजारणीला म्हणाली, "अगंबाई! यांनाही दिवस गेलेत?"

सगळा बाक माझ्या पांढऱ्या केसांकडे बघू लागला. मी खुणा थांबवल्या. म्हटलं, बारा वाजेपर्यंत धीर धरू. बारानंतर सांगितलं तर काय बिघडतंय?

अकरा चाळीसला सूनबाईच्या बोटाला सुई टोचली. यंत्रावर आकडा आला, ब्याण्णव.

"अगदी उत्तम! काही काळजी नाही."

सूनबाई खुर्चीत बसल्या बसल्याच रडायला लागली. महिनाभर ही पोर रात्री कूस बदलत होती, ते मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. तिने लगेच माहेरी फोन लावला. "आई गं, तुझी साखर माझ्याकडे नाही आली! बाळ सुखरूप आहे!"

पलीकडे तिची आईही रडू लागली.

बाराला सोळा मिनिटं कमी होती. मी भिंतीवरच्या घड्याळाला हात जोडले.

"ती नाही, मी प्यायले!"

पंचवीस वर्षांत सकाळी न वापरलेला आवाज तो! गंजलेल्या फाटकासारखा निघाला.

"या बोलतात?" बाकावरची बाई उभी राहिली.

"काय प्यायलात?" तपासणीवाल्या बाई.

"हिचं ग्लुकोज. तीन घोट सोडून सगळं. टाकायचं नाही ना!"

सूनबाईने फोन कानावरून खाली घेतला. "आई! मग दोन तास सांगितलं का नाहीत?"

"सांगत होते की! यांनी पाणी दिलं."

तपासणीवाल्या बाईंनी एक मोठा श्वास घेतला. सूनबाईला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मावशी, प्यायलाच आहात, दोन तासही झालेत. बोट इकडे करा."

दुसऱ्या दिवशी सूनबाई अख्खा ग्लास डोळे उघडे ठेवून प्यायली. मला बाहेर फाटकाशी उभं केलं होतं. तिचा आकडा एकशे आठ आला. उत्तम, आणि या खेपेला खरा.

माझा आदल्या दिवशीचा होता दोनशे अडुसष्ट.

डॉक्टरीणबाईंनी मला नियमांचा कागद लिहून दिला. म्हटलं, नियमांचं काय, अंगवळणीच आहेत! सूनबाईने तो मोठ्याने वाचला. पहिलाच नियम, "कुणाचंही उरलेलं संपवायचं नाही."

आज पाचवा दिवस. आत्तापर्यंत सहा वेळा मोडला.