घरीच करतो

कुमुदमावशी माणसाला भेटायच्या आधी त्याच्या कपड्याला भेटते. तुम्ही नमस्काराला वाकलात की आशीर्वाद मिळायच्या आत तुमच्या सदऱ्याचं टोक तिच्या चिमटीत गेलेलं असतं. ते ती उजेडाकडे धरते, दोन बोटांत चोळते आणि तोंडाजवळ नेऊन फुंकर घालते. फुंकर पलीकडे किती गेली यावरून तुमच्याबद्दलचं मत ठरतं. माझ्या साखरपुड्यात तिनं माझ्या होणाऱ्या सासूबाईंच्या पदराला अशीच फुंकर घातली. सासूबाईंना वाटलं, पदरावर काही सांडलंय. मावशी म्हणाली, “सांडलं नाही हो. विणताना विणकराला डुलकी लागली होती.” लग्न झालं, पण मावशी येणार असली की सासूबाई अजून साधं सुती नेसतात.

दारावर मासळी घेऊन येणारी जनीबाई तिला चांगली ओळखून आहे. टोपली उतरवली की तीच पदर पुढे करते आणि विचारते, “बाय, मावरा घेतंस का माझा लुगरा?”

मावशी किहीमला नारळीच्या वाडीत राहते. मागच्या खोलीत ती मुलींना शिवणकाम शिकवते, त्यामुळे कापडाचं वेड शिवणामुळे लागलं असं लोकांना वाटतं. तसं नाही. ते लागलं विमानांमुळे.

तिचे यजमान अरविंदकाका अलिबागला सरकारी कचेरीत कारकून होते. कचेरीत ते फायली हलवायचे आणि घरी येऊन विमानं बनवायचे. हातातल्या रेडिओच्या पेटीवरून उडवायची, चार-पाच फुटी पंखांची विमानं. त्यांना कुणी खेळणी म्हटलं की काका दोन दिवस जेवणावर राग काढायचे. बाल्सा नावाच्या बिस्किटाइतक्या हलक्या लाकडाच्या बारीक बरगड्या कापून ते पंखांचा सांगाडा जुळवत. हे काम त्यांना उत्तम यायचं. त्या सांगाड्यावर कापड चढवायचं काम मात्र त्यांना कधीच आलं नाही, आणि खरी परीक्षा तिथेच असते. कापड जड झालं तर विमान उठत नाही, सैल राहिलं तर थरथरतं, एका बाजूला जास्त ओढलं गेलं तर पंखच पिळवटतो.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी काकांनी चुण्या पडलेला एक पंख रागानं अंगणात भिरकावला. मावशीनं तो उचलून आणला, कापड सोलून काढलं आणि म्हणाली, “तुम्ही उभा धागा आडवा लावलाय.” तेव्हापासून सांगाडा काकांचा आणि कातडी मावशीची, असं ठरून गेलं. ठरलं म्हणजे कुणी बोललं नाही. काकांनी सांगाडा शिवणाच्या टेबलावर ठेवायला सुरुवात केली, एवढंच.

मी अलिबागला शाळेत लेखनिक आहे. शनिवारी मावशीकडे जायचो, तेव्हा हे सगळं पाहायला मिळायचं. ती रेशीम निवडायची ते मुलगी द्यायची असल्यासारखं. दुकानदार शुद्ध रेशीम म्हणाला तरी घरी येऊन एक धागा काढून जाळायची. केस जळल्यासारखा वास आला तर खरं. प्लास्टिकचा आला तर दुसऱ्या दिवशी दुकानदाराची खैर नसे. मग ओलं रेशीम पंखावर अंथरायचं, कडा चिकटवायच्या आणि वरून डोप नावाचं उग्र वासाचं रोगण ब्रशनं द्यायचं. ते वाळता वाळता कापड आवळत जातं. पंखाच्या गोल टोकाशी सगळ्यांच्या चुण्या पडतात. मावशी तेवढा तुकडा उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यात, कापायची आणि तिथं चुणी कुठे आहे ते शोधून दाखव म्हणायची. शेवटी नखानं टिचकी मारायची. ढोलकीसारखा आवाज आला नाही, तर आठ दिवसांचं काम सोलून पुन्हा पहिल्यापासून.

माणसंही ती कापडातच मोजायची. माझे वडील टेरिकॉट, म्हणजे चुरगळत नाहीत आणि घामही पुसत नाहीत. मी मांजरपाट. काका कुठलं कापड, असं एकदा मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, “त्यांना अस्तर लागतं. नुसते नाही वापरता येत.”

रविवारी सकाळी ओहोटीला किहीमच्या कडक वाळूवर पनवेल, पेण, पुण्याकडून विमानवाले जमायचे. मी काकांच्या विमानाची पेटी उचलून बरोबर जायचो. काकांचं विमान पेटीतून निघालं की बाकीचे आपली विमानं ठेवून त्याच्याभोवती यायचे. विमान चालवण्यात काका यथातथाच होते, पण त्या पंखांवरून प्रत्येक जण बोट फिरवून जायचा. कुठून करून घेता, असं कुणी विचारलं की काका चष्मा पुसत म्हणायचे, “घरीच करतो.”

हे खोटं नव्हतं. म्हणून तर त्याला काही करता येत नव्हतं. मी शेजारी उभा असायचो आणि एकदाही तोंड उघडलं नाही. काका मला विमान धरायला द्यायचे, लोक मलाही दोन शब्द विचारायचे. मला ते सोडायचं नव्हतं.

मावशी किनाऱ्यावर एकदाच आली होती, अगदी सुरुवातीला. आपण चढवलेलं कापड वाऱ्यात कसं दिसतं ते तिला पाहायचं होतं. जाताना सगळ्यांसाठी भजी घेऊन गेली. काकांनी ओळख करून दिली, “ही आमची मंडळी. भजी हिच्या हातची आहेत.” लोकांनी भज्यांचं खूप कौतुक केलं. ती विमान उडायच्या आत परत आली. नंतर मी कितीदा चल म्हटलं. तिचं उत्तर एकच होतं, वाळू डोळ्यांत जाते.

मग एका रविवारी काका चकचकीत लाल प्लास्टिकची गुंडाळी घेऊन आले. तिच्या पाठीला गोंद असतो. सांगाड्यावर ठेवायची, इस्त्री फिरवायची, की चिकटते आणि आवळतेही. रोगण नाही, वास नाही, आठ दिवस नाहीत. काका मनापासून खूश होते. म्हणाले, “आता तुला त्रास नको.”

“बरं झालं,” मावशी म्हणाली.

त्या दुपारी तिनं ब्रश धुतले, कागदात गुंडाळले आणि माळ्यावर टाकले. काकांनी तिची इस्त्री मागितली. वर्गाच्या मुलींना लागते म्हणून तिनं दिली नाही. काकांना स्वतःची आणावी लागली. पुढची दोन वर्षं त्या घरात विमानाबद्दल एक शब्द निघाला नाही. काका इस्त्रीनं भोकं पाडत होते, पंखांवर पुरळ उठल्यासारखे बुडबुडे येत होते, मे महिन्याच्या उन्हात प्लास्टिक लोंबायला लागत होतं. मावशी दारातून बघायची आणि, “म्हातारीचा दंड झालाय,” एवढं हवेला सांगून आत जायची. किनाऱ्यावर लोकांनी काकांच्या पंखांवरून बोट फिरवणं बंद केलं. एकानं तर मला बाजूला घेऊन विचारलं, की काकांच्या डोळ्यांना काही झालंय का.

शेवटी काकांनी मोठं काम काढलं. जुन्या धाटणीचं, एकावर एक दोन पंखांचं विमान. सात महिने सांगाडाच चालला. त्याला प्लास्टिक शोभणार नव्हतं, रेशीमच हवं होतं. मावशीला विचारायचं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी मला पाठवलं आणि स्वतःसाठी विचारतोय असं सांगायला सांगितलं. ते स्वतः शेजारच्या खोलीत पेपर घेऊन बसले.

मी मावशीला म्हटलं की मी विमान करायला शिकतोय, रेशीम कुठलं घेऊ. तिनं मला डोळे मिटायला लावले आणि तीन तुकडे हातात दिले. तिन्ही मी चुकलो. ती हसली नाही. भिंतीकडे तोंड करून, जरा मोठ्यानं, तिनं सगळं सांगितलं. उभा धागा पंखाच्या लांबीत घ्यायचा, रोगण पातळ करून द्यायचं, आणि पावसाळी हवेत हात लावायचा नाही, कारण दमट हवेत रोगण पांढरं पडतं. शेजारच्या खोलीत पेपरचं एकही पान उलटलं नाही.

काकांनी सगळं ऐकलं आणि भर श्रावणात काम सुरू केलं. त्यांना धीर नव्हता. रेशमावर पांढरा बुरा चढला. तो कसा काढायचा हे विचारायला त्यांनी मला पुन्हा पाठवायच्या आधी, एका सकाळी दात घासताना ते कोसळले. अर्धांगवायू. अलिबागच्या दवाखान्यात तीन आठवडे काढून घरी आले तेव्हा उजवा हात गेला होता आणि वाचाही. कळत सगळं होतं. बोलायला गेले की घशात नुसता आवाज व्हायचा.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली, तेव्हा मावशीनं माळ्यावरून ब्रश काढले. काकांची खुर्ची अंगणात वाऱ्याच्या बाजूला ठेवली, म्हणजे वास त्यांच्याकडे जाणार नाही. स्वतः ओटीवर बसली आणि त्यांचं सगळं रेशीम सोलून काढलं. त्यांच्याकडे बघितलंही नाही. मग नवं रेशीम आणलं, जाळून पाहिलं आणि चढवायला घेतलं. बावीस दिवस ते काम चाललं आणि काका खुर्चीतून बघत राहिले. एकदा त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं, ती आता उठेल.

“रडू नका,” ती म्हणाली, “डोप ओलं आहे.” आणि ब्रश चालवत राहिली. मला त्या दिवशी तिचा राग आला होता.

विमान पुरं झालं आणि पुढच्याच रविवारी किनाऱ्यावरचे तिघे जण काकांना भेटायला आले. ओटीवर ते विमान बघून आजाऱ्याची चौकशी मागे पडली. एकानं वरच्या पंखावरून बोट फिरवलं, टिचकी मारली आणि बाकीच्यांकडे बघून मान हलवली. “काका, असा हात आता कुणाचा नाही. आजाराआधी पुरं झालं हे, नशीब.”

मावशी पाण्याचा ट्रे घेऊन दारात उभी होती. काकांनी डावा हात उचलला आणि तिच्याकडे बोट केलं.

“नको काका, चहा कशाला,” दुसरा म्हणाला.

काकांनी जोरात मान हलवली. पुन्हा बोट केलं. तोंड वाकडं करून, सगळा जीव लावून ते म्हणाले, “कु… कु…”

“कॉफी म्हणतायत. बरं, कॉफी चालेल.”

काकांचा हात खाली आपटला, तिपाईवरचा पेला उलटला. मी बोलायला तोंड उघडलं. मावशीनं माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली आणि आत गेली.

मी मागोमाग गेलो. ती गॅसपाशी उभी होती आणि भांडं रिकामंच तापत होतं. बाहेर जाऊन सांगतो, म्हटलं.

“नको,” ती म्हणाली. “तू ऐकलंस ना? आयुष्यभर ‘अगं’ म्हणून हाक मारली. लग्नात उखाण्यात घेतलं होतं नाव, त्यानंतर आज.” मग तिनं भांड्यात दूध ओतलं, आणि कॉफी कुठल्या डब्यात आहे ते मला विचारायला लागली. तिच्याच घरात.

पाहुणे तासभर बसले, वाऱ्याबद्दल आणि बॅटऱ्यांबद्दल बोलले. निघताना एक जण फाटकाशी मला म्हणाला की काकूंचं कौतुक आहे, विमानातलं काही कळत नसून काकांचं सगळं करतात. त्याला मी सांगितलं की ते विमान तिनं मढवलंय, आजवरची रेशमाची सगळी तिनंच मढवली. बोलायला मला अठरा वर्षं लागली होती. तो म्हणाला, “हो का? वा,” आणि वडखळला गाड्या किती तुंबल्यात ते मोबाइलवर बघायला लागला.

मी परत आलो. मावशी काकांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली होती. कॉफीचे कप तसेच पडले होते. काकांचं तोंड पुन्हा हलत होतं, घशातून तोच अर्धा आवाज येत होता, आणि ते दमले होते. मी म्हटलं, काका, पुरे आता, तिला कळलंय.

“तू गप्प बस,” मावशी म्हणाली. मग त्यांच्याकडे वळून, हळू आवाजात, “म्हणा. परत म्हणा.”