किंगार्विक ते तासिरुक: चोवीस मिनिटे

अंतर निसर्ग निर्माण करतो. ते शिस्तीत वाढवायला मात्र विमानखाते लागते.

किंगार्विक आणि तासिरुक हे पार उत्तरेचे दोन विमानतळ. मधे गोठलेली खाडी. अंतर एकशे दहा किलोमीटर, उड्डाण चोवीस मिनिटे, असे खात्याच्या फलकावर लिहिले आहे आणि ते अगदी खरे आहे. फक्त या दोघांच्या मधे विमान जात नाही. (एवढे फलकावर मावले नाही.) प्रवाशाने आधी दोन हजार किलोमीटर दक्षिणेला उतरावे, मुक्काम करावा, पश्चिमेचे विमान धरावे, तिथे धुके निवळेपर्यंत बसावे आणि मग उत्तरेला यावे. त्याने माणूस बहुश्रुत होतो.

मिआलिया म्हातारीला बहुश्रुत व्हायचे नव्हते. तिची नात दक्षिणेच्या इस्पितळात जन्मून तासिरुकला घरी पोचली होती (वय सहा दिवस, विमाने तीन, खात्याची होतकरू प्रवासी), आणि उद्या तिचे नाव ठेवायचे होते. आम्हा इनुइटांत गेलेल्या माणसाचे नाव बाळाला ठेवले की ते माणूस परत येते. मिआलियाला त्या पोरीत आपली आई परत हवी होती. पण तिची विहीण लीतिया तासिरुकातच राहत होती, आणि तिच्याकडे एक दिवंगत सासरा शिल्लक होता. (आमच्यात नावाला बाईपुरुष नसतो.)

"उद्यापर्यंत पोचते का रे?" तिने किंगार्विकच्या तिकीटखिडकीतल्या जेपुतीला, म्हणजे सख्ख्या भाच्याला विचारले.

"चोवीस मिनिटं, आत्या. शुक्रवारी पोचशील."

"आज मंगळवार आहे, मेल्या!"

"म्हणून म्हणतो, सामान कमी घे."

"तोवर ती सासरा चिकटवेल पोरीला!"

"चिकटवू दे. शिकारी चांगला होता."

"घोरायचा!"

दारात तिची स्नोमोबाइल उभी होती. खाडीवरून चार तासांची वाट. पण विहिणीसमोर विमानातून उतरण्यात जो रुबाब असतो, तो स्नोमोबाइलवरून उतरण्यात नसतो. मिआलियाने रुबाब आणि आई यांचा हिशेब केला, आणि उठली.

"आजी, मागच्या घसरगाडीवर जागा आहे का?" बाकावरचा एक गोरा पोरगा म्हणाला. हा डॅरिल, वैमानिक.

"तू कशाला? तू उडव की विमान!"

"विमान तासिरुकला आहे. मी तीन दिवस तिकडे नेणाऱ्या विमानाची वाट बघतोय."

तिने त्याला गोठलेल्या माशांच्या पोत्याशेजारी बांधले.

ते पोचले तेव्हा लीतिया चहा ओतत होती. गणवेशातला डॅरिल बघून तिची किटली थांबली. "विमानाने आलीस?"

"वैमानिक माझ्याबरोबर आला," मिआलिया म्हणाली, आणि पाळण्यावर वाकली. "आई, किती वाळलीस गं!"

प्रश्न मिटला. सासऱ्याला पुढच्या नातवंडाची वाट बघावी लागणार आहे.

खात्याने चौकशी नेमली. वैमानिक विमानापाशी पोचल्याचा प्रकार पूर्वी घडला नव्हता. फलक जागेवरच आहे. वाचकहो, तो वाचून आपणही मघाशी मनात म्हणालात, चोवीस मिनिटे म्हणजे काहीच नाही. जेपुती खिडकीत आपली वाट बघतो आहे. सामान कमी आणा.