गुरुजींचा गुडघा

माणसं वळवण्यात माझा हात धरणारा आमच्या ऑफिसात कोणी नाही. तेव्हा घरच्या एका माणसाला जरा वाकवणं म्हणजे माझ्या हातचा मळ!

हा माणूस म्हणजे माझे सासरे. निवृत्त स्टेशनमास्तर. त्यांच्या गुडघ्याच्या वाटीचं ऑपरेशन उत्तम झालं होतं. फक्त गुडघा वाकत नव्हता, कारण सासरे तो वाकवत नव्हते. व्यायाम म्हटलं की "दुखतंय" म्हणायचे आणि पाय स्टुलावर ओंडक्यासारखा ठेवून द्यायचे. शेवटी फिजिओथेरपिस्ट बाई वैतागल्या. "शनिवारपर्यंत वाकला नाही, तर भूल देऊन जबरदस्तीनं वाकवावा लागेल!"

बायकोचे डोळे भरून आले.

"मी आहे ना!" मी म्हणालो. हे वाक्य मी जेव्हा जेव्हा उच्चारलंय, तेव्हा तेव्हा पुढे चार माणसं बोलवावी लागली आहेत.

माझी योजना साधी होती. जुने कुंगफूचे चित्रपट! कॉलेजात असताना ते बघून घरी येताना आम्ही वाटेतल्या सायकलींनाही लाथा घालायचो. गोष्ट नेहमी तीच. शिष्य आळशी. गुरू पांढरी दाढी कुरवाळतो आणि त्याला पाणी भरायला लावतो, झाडायला लावतो, अर्धवट बसवून ठेवतो. शेवटी तो आळशी शिष्य अख्खं गाव लोळवतो. हे बघून दगडसुद्धा पाय झाडेल!

सासऱ्यांनी पापणी न लववता चित्रपट पाहिला. पात्रांची तोंडं मिटल्यावर संवाद ऐकू येत होते. "ह्यांचं बोलणं लेट धावतंय," एवढाच शेरा त्यांनी मारला.

सकाळी मी टॉवेल घेऊन हजर. "चला बाबा, सराव!"

"कुणाचा?"

"तुमचा."

"गुरू कधी सराव करतो का? पाणी भर."

काल रात्रीपर्यंत मी 'जावईबापू' होतो. आता थेट 'पाणी भर'! चूक माझीच. जो माणूस जन्मभर एका जागी उभा राहून दुसऱ्यांना पुढे धाडत आला, तो चित्रपटात स्वतःला शिष्याच्या जागी कशाला बघेल?

मी बादल्या भरल्या. गॅलरी झाडली. मग अदृश्य खुर्चीवर बसल्यासारखी ती घोड्याची बैठक सुरू झाली. "खाली! अजून खाली!" काठी माझ्या पोटरीवर.

"अगं, आवर ना ह्यांना!" मी बायकोला म्हणालो.

"करा हो थोडं. बाबा किती दिवसांनी हसलेत!"

ऑफिसात माझं लंगडणं बघून शिपाई म्हणाला, "साहेब, बूट चावतोय का?"

"सासरे," मी म्हणालो. तो विवाहित होता. त्यानं मुकाट खुर्ची पुढे सरकवली.

शनिवार उजाडला, गुडघा ढिम्म. बाई यायची वेळ झाली. टीव्हीवर शेवटची मारामारी रंगात आलेली, आणि मी दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन बैठकीत.

"शिष्या, पडदा झाकतोयस. खाली!"

मी खाली गेलो. कमरेत कटकन आवाज झाला. बादल्या एकीकडे, मी दुसरीकडे! टीव्ही जागच्या जागी थांबला. खलनायकाची लाथ हवेत लटकली.

"ऊठ!"

"उठता येत नाहीये, बाबा!"

आणि मग तो चमत्कार घडला. सासरे उठले. काठी टाकून पाण्यातून चालत माझ्यापाशी आले. तो ओंडका हळूहळू वाकला आणि ते चक्क माझ्याशेजारी टेकले!

"बाबा... माझ्यासाठी..."

"कूस बदल. रिमोट तुझ्याखाली आहे."

तेवढ्यात दार उघडून बायको बाईंना घेऊन आत आली. "वाकला! बाबांचा गुडघा वाकला!" ती आनंदानं धावली. मला ओलांडून.

तेव्हापासून मी आडवा आहे. टीव्हीवर तेच चित्रपट चालू असतात. लोकांना ते अजून का आवडतात, हे मला आता कळलंय. त्यांत पडलेला माणूस उठतो.

बाई आता माझ्यासाठी येतात. काल त्यांनी व्यायाम समजावून सांगितले आणि विचारलं, "हे रोज करून घ्यायला घरात कडक असं कोणी आहे का?"

खुर्चीतल्या सासऱ्यांनी आपल्या तुळतुळीत हनुवटीवरची दाढी कुरवाळली.