कोळंबखोऱ्याच्या तेलाचा मुळापासून झाडा

श्रीधूम्रवर्ण गजानन प्रसन्न. ज्याचा वर्णच धुराचा, त्यापाशी धूर लपवावा कोणी? त्यास स्मरोन शके एकोणीसशे बावन्न, साधारणनाम संवत्सरे, आश्विनमासी जे घडले ते लिहितो. एक राज्य होते. राज्यात सहाशे मोटारी, रयत त्यांत बसोन हिंडे, आणि तेल परमुलखाहून जहाजाने येई, घागरीस नव्वद रुपये, आणि धूर फुकट. एके दिवशी राजे भर दरबारी खोकले, आणि मग बोलिले, "हा धूर कमी करा." राजांस खोकला आला की मसलत सुचावी, ऐसे धोंडोपंत तेलसचिव. ते पुढे होऊन विनविते जाहले, "महाराज, कोळंबखोऱ्यातील चार हजार बिघे रान जाळोन एरंड लावू आणि त्याचे तेल मोटारींस घालू. घागर साठ रुपयांस पडेल, आणि धूर पाव राहील." राजे संतोषले आणि दसऱ्यास रान पेटवावे ऐसा ठराव जाहला. परंतु मापारणीचा शिक्का नसता कोणतेही माप खरे धरू नये ही राज्याची रीत, म्हणोन कागद गोदूबाई मापारीण यांजकडे गेला.

आता राज्यात आणखी एक रीत होती, ती ऐसी की माप राजधानीच्या वेशीत रोविलेल्या दगडापासून धरावे. वेशीत आले ते मोजावे, वेशीबाहेर झाले ते देवाचे. पंतांनी त्या रीतीने मोजिले होते, खोटे काहीच नव्हते, आणि तेच वाईट. गोदूबाईंनी चष्मा पुसला आणि विचारिले, "पंत, एरंड वेशीत उगवतो काय?"

"बाई, तुम्ही शिक्का मारा. शेतकी माझ्याकडे."

"आणि वेशीबाहेरचा धूर?"

"तो वारा नेतो."

"परत आणतो तेव्हा तुमच्या वेशीवर जकात भरतो काय?"

पंत हसले, परंतु ओठांनीच, आणि बोलिले, "तीन पिढ्यांचे मापारीपण आहे तुमचे. दसऱ्याआधी शिक्का न पडेल तर चौथी पिढी दुसऱ्या घरची पाहू." बाईंनी बोटातली शिक्क्याची अंगठी काढून पंतांच्या कागदावर ठेविली, आणि बोलिल्या, "जामीन ठेवा. मोजून परत आले की माप खरे असेल तर शिक्का मारीन, नाहीतर मापारीपण सोडीन."

मग बाई खोऱ्यात गेल्या. तेथे पंतांनी गतसाली नमुन्यास वीस बिघे एरंड लाविला होता. त्याची कापणी चालली होती. झाल्या नांगरटीचे तेल गड्यांकडून लिहोन घेऊन बाई ट्रॅक्टरवर बसल्या, घाण्यापाशी बसल्या, तेलाच्या टेम्पोत पिंपांमध्ये बसोन राजधानीस आल्या आणि रिकाम्या टेम्पोने परत गेल्या, आणि जेथे जेथे तेल जळले तेथे तेथे काठी बुडवोन टिपले. टेम्पोवाला कंटाळोन म्हणे, "बाई, उतरा की, तुमच्या वजनानंही तेल जळतंय." बाई म्हणाल्या, "लिहिलंय." मग सोनजी, जो त्या रानात मध आणि हिरडा गोळा करी, तो वहीत डोकावोन विचारिता जाहला, "आक्का, रान जाळलं तर त्याचा धूर कंच्या रकान्यात?" बाईंनी वही पाहिली. तो रकानाच नव्हता. त्यांनी आखिला, आणि तो वहीत सर्वांत रुंद जाहला.

दसऱ्याचे आदले दिवशी दरबार भरला. बाई बोलिल्या, "महाराज, शंभर घागरी तेल निघाले. नांगरटीस, फवारणीस आणि कापणीस बावीस गेल्या, सुकवण्यास आणि घाण्यास एकोणीस, वाहतुकीस चौदा. हाती पंचेचाळीस. म्हणजे घागर साठांस नव्हे, एकशे तेहतीसांस. आणि रान जाळल्याचा धूर, दरसाल वाचेल त्या धुराने भरून निघण्यास त्रेपन्न वर्षे."

पंत तटकन उठले. "आणि परमुलखाचे तेल? ते बाईंनी वेशीतच मोजिले असेल!"

"तेलाच्या विहिरीपासून मोजिले, जहाजासकट. तेही काळेच आहे, पंत. परंतु जाळलेले रान धरिता तुमचे त्याहून काळे."

राजे खोकले. कोणीही मसलत काढिली नाही. मग राजे हळूच बोलिले, "तर काहीच करू नये?"

"का करू नये? ओढ्याकाठी करंज आपसूक उभा आहे. नांगर नको, जाळ नको. त्याच्या बियांचे तेलही मी तेथेच मोजिले; शंभर घागरींतील ब्याऐंशी हाती उरतात, घागर त्र्याहत्तरांस पडते. परंतु दोनशे मोटारींपुरतेच, महाराज. सहाशेंस पुरवीन म्हणेल तो लबाड."

"आणि उरलेल्या चारशे?"

"त्यांतील निम्म्या रिकाम्याच धावतात. त्यांतील दोन पंतांच्या."

दरबार हसला, आणि राजेही हसले, आणि हसता हसता आज्ञा जाहली की रान पेटवू नये, मापाचा दगड वेशीतून उपटोन शेताच्या बांधावर रोवावा, आणि करंजाची झाडे पंतांनी स्वतः मोजावी, मोटार न घेता. बाईंनी अंगठी परत घालोन या आज्ञेच्या कागदावर शिक्का मारिला. पंत तीन दिवस चालले, आणि खोऱ्यात पोचले तेव्हा सोनजी बोलिला, "पंत, चालत आलात जणू?" पंत दगडावर बसोन पायातले काटे काढीत म्हणाले, "मुळापासून मोजायचं आहे बाबा. काटे कोणत्या रकान्यात घालू?"

एणेप्रमाणे जाहले. रान राहिले, धूर काहीसा घटला, पंत बरेच घटले. राजांचा खोकला अजून आहे, परंतु त्यावर मसलत काढणारे आधी बांधावर जाऊन येतात.